‘प्लॉझिबल’ म्हणजे ‘विश्वसनीय’ नव्हे

इंग्रजी-मराठी शब्दकोशात ‘प्लॉझिबल’ शोधला की साधारण तीन शब्द हाताला लागतात : विश्वसनीय, संभाव्य, सयुक्तिक. कोल्हापुरात अभ्यासिकांमधून स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं-मुली त्यातला पहिला शब्द उचलतात, वहीत लिहितात आणि पाठ करतात. पुढे उताऱ्याखालच्या प्रश्नात ‘प्लॉझिबल’ आणि ‘क्रेडिबल’ हे दोन पर्याय शेजारी-शेजारी आले की गाडी अडते, कारण वहीत दोघांपुढे एकच अर्थ असतो. अनुवाद करणारे, बातम्या लिहिणारे, वकिलीला नुकतीच सुरुवात केलेले, सगळे याच वळणावर चुकतात. म्हणून या एका विशेषणावर निवांत लिहितोय.

आधी नेमका अर्थ. एखादं कारण, स्पष्टीकरण किंवा हकिकत ऐकल्यावर ‘असं असू शकतं, यात न पटण्यासारखं काही नाही’ एवढं वाटलं, की ते प्लॉझिबल. त्यासाठी दोन गोष्टी लागतात. सांगितलेल्या गोष्टीचे तुकडे एकमेकांत बसले पाहिजेत, आणि आपल्याला जगाबद्दल जे ठाऊक आहे त्याच्याशी त्यांचं भांडण असता कामा नये. बस्स. ते खरं आहे का, हे अजून कुणी तपासलेलं नसतं. म्हणून ‘द स्टोरी वॉज प्लॉझिबल, बट फॉल्स’ हे इंग्रजीत निर्दोष वाक्य आहे : हकिकत पटण्यासारखी होती, पण खोटी निघाली. आता तेच ‘हकिकत विश्वसनीय होती, पण खोटी होती’ असं म्हणून बघा. जीभ अडखळते. जिथे ती अडखळते तिथेच या दोन शब्दांमधली सीमारेषा आहे.

गुळाचं उदाहरण घेऊ. पिवळाधमक गुळाचा रवा, म्हणजे ढेप, पुढे ठेवून विकणारा सांगतो, ‘यात काही घातलेलं नाही. भेंडीनं मळी नीट काढलीय, म्हणून रंग असा आलाय.’ हे म्हणणं प्लॉझिबल आहे. काहिलीत रस उकळत असताना भेंडीचा चिकट रस घालतात, तो उसाच्या रसातली घाण धरून वर आणतो, ती मळी काढून टाकली की गूळ स्वच्छ होतो. हे गुऱ्हाळ पाहिलेल्या कुणालाही माहीत असतं. कारण आणि परिणाम यांची साखळी जुळते. पण सोडियम हायड्रोसल्फाइट, ज्याला गुऱ्हाळावर हायड्रॉस म्हणतात, ते घातलं तरी गूळ असाच पिवळा दिसतो. म्हणजे एकाच रंगाची दोन कारणं झाली आणि दोन्ही प्लॉझिबल. समोरच्या त्या एका रव्यापुरतं कुठलं खरं, हे नुसतं बघून ठरत नाही. त्यासाठी हायड्रॉसमुळे गुळात उरणाऱ्या सल्फर डायऑक्साइडचं प्रमाण प्रयोगशाळेत मोजावं लागतं. तपासणीचा कागद दाव्याच्या बाजूने आला की विकणाऱ्याच्या दाव्याला ‘क्रेडिबल’ म्हणता येतं. त्याआधी तो फक्त प्लॉझिबल होता. आणि कुणी म्हणालं की हा गूळ पौर्णिमेच्या चांदण्यात ठेवला म्हणून पिवळा झाला, तर ते ‘इम्प्लॉझिबल’, कारण चांदणं आणि गुळाचा रंग यांना जोडणारी साखळीच कुठे नाही.

इथे एक गोष्ट लक्षात येईल. प्लॉझिबल हा शब्द म्हणण्याच्या अंगात काय आहे ते बघतो. क्रेडिबल हा शब्द म्हणण्याच्या पाठीमागे काय उभं आहे ते बघतो : माणूस, संस्था, पुरावा, आजवरचा अनुभव.

हा फरक कोल्हापूरकरांना दर पावसाळ्यात मोबाईलवर दिसतो. ‘राधानगरीचे दरवाजे उघडले, पंचगंगेची पातळी वाढणार’ असा मजकूर ऑगस्टमध्ये फिरतो. राधानगरीला सात स्वयंचलित दरवाजे आहेत, धरण भरलं की ते आपोआप उघडतात आणि ते पाणी भोगावतीतून पंचगंगेला मिळतं. त्यामुळे ऑगस्टमध्ये हा मजकूर कधीही आला तरी प्लॉझिबलच असतो. नेमकं म्हणूनच दोन वर्षांपूर्वीचा व्हिडिओ आजचा म्हणून फिरवला तरी तो खपतो. मजकूर प्लॉझिबल, पाठवणारा क्रेडिबल नाही.

उलटा प्रकारही होतो आणि तो जास्त शिकवून जातो. शहरात दोन दिवस पाऊस नाही, स्वच्छ ऊन पडलंय, आणि प्रशासन सांगतं की राजाराम बंधाऱ्याजवळची पातळी ३९ फुटांच्या इशारा पातळीवरून ४३ फुटांच्या धोका पातळीकडे सरकतेय. उन्हात उभं राहून ऐकणाऱ्याला हे इम्प्लॉझिबल वाटतं. पण पश्चिमेकडे घाटमाथ्यावर पडलेला पाऊस आणि धरणांतून सुटलेलं पाणी इथवर पोचायला वेळ लागतो, आणि सांगणाऱ्याच्या हातात मोजपट्टीवरचा आकडा आहे. म्हणणं वरवर इम्प्लॉझिबल, स्रोत मात्र क्रेडिबल. अशा वेळी शहाण्याने क्रेडिबलच्या बाजूने उभं राहावं आणि सामान वरच्या मजल्यावर न्यावं.

शब्दांची कुळं पाहिली की हा फरक कायमचा डोक्यात बसतो. ‘प्लॉझिबल’च्या मुळाशी लॅटिनमधलं टाळ्या वाजवणं या अर्थाचं क्रियापद आहे, ‘प्लाउडेरे’. ‘अप्लॉज’ त्यातूनच आला. सोळाव्या शतकात हा शब्द इंग्रजीत शिरला तेव्हा त्याचा अर्थ ‘टाळ्या घेण्याजोगा, लोकांना आवडेल असा’ असा होता. हळूहळू तो ‘ऐकायला बरोबर वाटणारा’ इथे सरकला. टाळ्या मिळणं आणि खरं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्याकडे सभेला जाणाऱ्या कुणाला वेगळं सांगायला नको. त्यामुळे संशयाची एक छटा पुढे या शब्दाला चिकटली. जाता जाता : ‘एक्स्प्लोड’ हाही याच घरातला. नटाला टाळ्या पिटून, हुर्यो करून रंगमंचावरून हाकलणं हा त्याचा पहिला अर्थ. बॉम्ब नंतर आले. ‘एक्स्प्लोड अ मिथ’ म्हणजे एखादा भ्रम मोडीत काढणं, यात तो जुना अर्थ अजून शिल्लक आहे.

‘क्रेडिबल’ येतो ‘क्रेडेरे’पासून, म्हणजे विश्वास ठेवणं. आणि इथे आपल्याला परकं वाटायचं काही कारण नाही. भाषाशास्त्रज्ञ ‘क्रेडेरे’ आणि आपली ‘श्रद्धा’ यांना एकाच प्राचीन मुळाशी नेऊन बसवतात. ‘श्रत्’ आणि ‘धा’, म्हणजे ठेवणं. ‘क्रेडिट’, ‘क्रीड’, ‘क्रेडेन्शियल’ ही सगळी श्रद्धेची चुलत भावंडं. तेव्हा पाठ करायचंच असेल तर असं करा : प्लॉझिबल म्हणजे टाळी, क्रेडिबल म्हणजे श्रद्धा. टाळी वाक्याला पडते, श्रद्धा माणसावर बसते.

कायद्याच्या भाषेत या शब्दांचं वजन आणखी वाढतं. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालंय, आणि इथल्या कितीतरी तरुण वकिलांना आता रोज इंग्रजीत मसुदे करावे लागतात. त्यांच्यासाठी दोन जागा दाखवतो. विनावॉरंट अटकेच्या तरतुदीत, म्हणजे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४१ मध्ये आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ मध्ये, ‘क्रेडिबल इन्फर्मेशन’ असे शब्द आहेत. तिथे ‘प्लॉझिबल इन्फर्मेशन’ लिहिलं तर अर्थाचा विचका होईल. नुसती पटण्यासारखी माहिती ही अटकेला पुरेशी धरली तर शेजाऱ्याने रचून सांगितलेली गोष्टही चालून जाईल. विश्वास ठेवावा असा आधार माहितीला हवा, म्हणून क्रेडिबल.

दुसरी जागा मला फार आवडते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ३७ खालच्या समरी, म्हणजे झटपट चालणाऱ्या, दाव्यात प्रतिवादीला बचाव मांडायची परवानगी कधी द्यायची, याची सूत्रं सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये आयडीबीआय ट्रस्टीशिप विरुद्ध हबटाउन या निकालात मांडली. त्यात एका प्रकारच्या बचावाचं वर्णन ‘प्लॉझिबल बट इम्प्रॉबेबल’ असं केलंय. पटण्यासारखा आहे, पण तसं घडलं असण्याची शक्यता कमी. अशा बचावाला दार पूर्ण बंद करायचं नाही, पण रक्कम कोर्टात भरणं किंवा तारण देणं अशा अटी घालता येतात. तीन शब्दांत केवढी बारीक रेघ ओढलीय! ज्याला प्लॉझिबल म्हणजे ‘संभाव्य’ एवढंच ठाऊक आहे, त्याला हे वाक्य ‘संभाव्य पण असंभाव्य’ असं वाचावं लागेल आणि काहीच कळणार नाही.

म्हणून आता प्लॉझिबल आणि प्रॉबेबल. दहावीच्या गणितात ‘संभाव्यता’ नावाचं प्रकरण आहे, फासे आणि नाणी घेऊन. ती संभाव्यता म्हणजे प्रॉबॅबिलिटी, शून्य ते एक यांच्या मधला आकडा. प्लॉझिबिलिटीला असा आकडा नसतो. ती गोष्टीच्या बांधणीतून येते. आणि गंमत अशी की बांधणी जितकी भरीव, तितकी गोष्ट जास्त पटते, पण तितकीच तिची शक्यता घटते. ही दोन वाक्यं बघा.

पहिलं : उद्या संध्याकाळी पंचगंगा ३९ फुटांवर जाईल.

दुसरं : आज रात्रभर गगनबावड्याला मुसळधार पाऊस होईल, पहाटे राधानगरीचे दरवाजे उघडतील, आणि उद्या संध्याकाळी पंचगंगा ३९ फुटांवर जाईल.

बहुतेकांना दुसरं जास्त पटतं, कारण त्यात ‘का’चं उत्तर आहे. पण दुसरं खरं ठरायला तीन गोष्टी घडाव्या लागतात, पहिल्याला एकच. दुसरं खरं ठरलं तर पहिलं आपोआप खरं ठरतं, म्हणून दुसऱ्याची शक्यता पहिल्यापेक्षा जास्त असूच शकत नाही. अमोस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८३ च्या त्यांच्या शोधनिबंधात नेमकी हीच चूक दाखवली. लिंडा नावाच्या ३१ वर्षांच्या काल्पनिक बाईचं, ती स्त्रीवादी वाटावी असं वर्णन लोकांना दिलं. ती बँकेत कारकून असेल, की बँकेत कारकून असेल आणि स्त्रीवादी चळवळीतही असेल? बहुतेकांनी दुसरा पर्याय जास्त शक्य मानला. त्यांनी प्रॉबेबलच्या प्रश्नाला प्लॉझिबलचं उत्तर दिलं. इंग्रजी निबंधात ‘मोअर प्लॉझिबल’ लिहिताना एकदा थांबून विचारावं : मला ‘जास्त पटणारं’ म्हणायचंय की ‘जास्त शक्यतेचं’?

शास्त्रीय लेखनात प्लॉझिबल हा कौतुकाचाही शब्द नाही आणि शिवीही नाही, तो तपासाचा पहिला टप्पा आहे. साथरोगशास्त्रात एखादी गोष्ट आजाराचं खरंच कारण आहे का, हे ठरवताना ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी १९६५ मध्ये नऊ मुद्दे मांडले, त्यातला एक ‘प्लॉझिबिलिटी’. पण त्यांनीच बजावून ठेवलं की काय पटतं हे त्या-त्या काळच्या ज्ञानावर अवलंबून असतं, म्हणून याच मुद्द्यावर अडून बसू नये.

हे आपल्या गावातल्या गोष्टीवर लावून पाहू. अंबाबाईच्या देवळात किरणोत्सवाचे पारंपरिक दिवस आहेत ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी. मावळतीची किरणं पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखावर. एखाद्या वर्षी किरणं मध्येच थांबतात आणि शहरभर कारणांची चर्चा सुरू होते. क्षितिजावर ढग किंवा धुरकं होतं, हे एक प्लॉझिबल कारण. किरणांच्या वाटेत एखादं उंच बांधकाम आलं, हे दुसरं. सूर्याने दिशा बदलली, हे इम्प्लॉझिबल. का, ते सांगतो. हे दोन्ही गट २१-२२ डिसेंबरच्या अलीकडे-पलीकडे सुमारे ४१-४२ दिवसांवर आहेत. दोन्ही वेळा सूर्य विषुववृत्ताच्या सुमारे १७ अंश दक्षिणेला असतो, म्हणून मावळतीची जागा एकच येते. वर्षात दोनदा हाच मेळ बसतो आणि ज्यांनी देऊळ बांधलं त्यांनी तो साधला. सूर्य सरकला असता तर त्याचा परिणाम एका देवळापुरता राहिला नसता.

उरली दोन कारणं. दोन्ही पटतात, पण दोघांचे परिणाम वेगळे असायला हवेत. ढग असतील तर एका संध्याकाळी किरणं अडतील आणि दुसऱ्या, निरभ्र संध्याकाळी पोचतील. बांधकाम असेल तर निरभ्र संध्याकाळीही किरणं रोज साधारण एकाच उंचीच्या आडोशाने तुटतील. नोंदी ठेवल्या की एक कारण गळतं. इंग्रजीत हे असं लिहितात : ‘बोथ एक्स्प्लनेशन्स आर प्लॉझिबल; ओन्ली वन सर्व्हाइव्हज द टेस्ट.’ प्लॉझिबल शब्दाची खरी जागा ही, ‘तपासायला घेण्याच्या लायकीचं’ या अर्थाची.

आता वाक्यरचना. उत्तरपत्रिकांत सगळ्यात जास्त चुका इथेच सापडतात.

हे विशेषण नामाच्या आधीही येतं आणि क्रियापदानंतरही : ‘अ प्लॉझिबल रीझन’, ‘द रीझन साउंड्स प्लॉझिबल’. सोबतची क्रियापदं ठरलेली आहेत : साउंड, सीम, लुक, अपिअर. त्यांच्यात ‘साउंड’ सर्वात चपखल, कारण प्लॉझिबल ही मुळात ऐकण्याची गोष्ट आहे. नामांमध्ये एक्स्प्लनेशन, एक्सक्यूज, थिअरी, स्टोरी, अर्ग्युमेंट, अकाउंट, सिनॅरिओ हे नेहमीचे सोबती. दगड, पूल, चप्पल यांना प्लॉझिबल म्हणता येत नाही. जे सांगितलं जातं किंवा मांडलं जातं, तेच प्लॉझिबल असतं.

‘इट इज प्लॉझिबल दॅट...’ ही रचना बरोबर : ‘इट इज प्लॉझिबल दॅट द बस वॉज डिलेड बाय द रेन’, म्हणजे पावसामुळे केएमटीला उशीर झाला असणं पटण्यासारखं आहे. पण ‘आय अॅम प्लॉझिबल दॅट...’ चूक, कारण पटतं ते म्हणणं, ऐकणारा नव्हे. ‘ही इज प्लॉझिबल टु पास’ हेही चूक. ‘लाइकली’च्या साच्यात प्लॉझिबल कोंबलेला आहे. आणि ‘इट इज नॉट प्लॉझिबल टु फिनिश धिस वर्क बाय मंडे’ ही तर कार्यालयीन ई-मेलमधली नेहमीची चूक. काम सोमवारपर्यंत होणार की नाही हा ‘पॉसिबल’ किंवा ‘फीझिबल’चा प्रश्न आहे. मराठीत आपण ‘ते काही पटत नाही’ आणि ‘ते काही जमत नाही’ यांची गल्लत करत नाही, तीच शिस्त इथे पाळायची. ‘टु’ वापरायचाच असेल तर पुढे विचार करण्याचं क्रियापद हवं : ‘इट सीम्स प्लॉझिबल टु अस्यूम...’, असं गृहीत धरणं वाजवी दिसतं.

जोर देणारे शब्दही निवडक. ‘परफेक्टली प्लॉझिबल’, ‘एंटायरली प्लॉझिबल’, ‘क्वाइट प्लॉझिबल’ हे रुळलेले. ‘हार्डली प्लॉझिबल’ म्हणजे जेमतेमही पटत नाही. ‘सुपरफिशियली प्लॉझिबल’ म्हणजे वरवर पटणारं, आत पोकळ. परीक्षणात किंवा खंडनात हा जोड फार उपयोगी पडतो. ‘ट्रूली प्लॉझिबल’ मात्र टाळा, खरेपणाचा शब्द आणि खरं ठरायच्या आधीचा शब्द शेजारी बसवले की वाक्य डळमळतं.

माणसाला लावला की हा शब्द रंग बदलतो, आणि इथे खरी सावधगिरी हवी. ‘अ प्लॉझिबल मॅन’ म्हणजे गोड बोलून गळी उतरवणारा माणूस. ‘अ प्लॉझिबल लायर’ म्हणजे ज्याच्या थापा ओळखू येत नाहीत असा. तेव्हा विद्यार्थ्याच्या शिफारसपत्रात ‘शी इज अ प्लॉझिबल पर्सन’ असं कौतुकाने लिहिलं, तर परदेशातला वाचणारा भुवया उंचावेल. तिथे ‘ट्रस्टवर्दी’ किंवा ‘रिलाएबल’ हवा. ‘प्लॉझिबल कँडिडेट’ मात्र चालतो, त्याचा अर्थ ‘विचार करता येण्याजोगा उमेदवार’ एवढाच. ते कौतुक फार नाही.

राजकारणातला ‘प्लॉझिबल डिनायबिलिटी’ हा जोडही याच संशयाच्या छटेतून आला. १९४८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेने गुप्त कारवायांबद्दल निर्देश काढला, त्यात कारवाई उघडी पडली तरी सरकारला ‘प्लॉझिब्ली’ जबाबदारी नाकारता यावी, अशी आखणी असावी असं म्हटलं होतं. म्हणजे नकार खरा असायची गरज नाही, पटला पाहिजे. याच्या शेजारी भारताच्या अण्वस्त्र धोरणातला ‘क्रेडिबल मिनिमम डिटरंट’ ठेवा. ४ जानेवारी २००३ ला जाहीर झालेल्या धोरणात हे शब्द आहेत. तिथे प्लॉझिबल चाललं नसतं. समोरच्या देशाचा आपल्या क्षमतेवर खरोखर विश्वास बसला तरच धाक निर्माण होतो.

घरातले बाकीचे शब्द भराभर. ‘बिलीव्हेबल’ हा साधा, बोलण्यातला, आणि कथेतल्या पात्रांना खास शोभणारा : खरी वाटणारी माणसं. ‘क्रेड्युलस’ म्हणजे कशावरही विश्वास ठेवणारा, भोळा. हा ऐकणाऱ्याचा गुण आहे, म्हणण्याचा नव्हे. ‘इन्क्रेड्युलस’ म्हणजे विश्वास न बसलेला; ‘अॅन इन्क्रेड्युलस लुक’ म्हणजे ‘काय सांगतोस भावा!’ असं म्हणताना चेहऱ्यावर जे उमटतं ते. ‘इनक्रेडिबल’ची कथा वेगळी आहे. शब्दशः तो ‘विश्वास न बसण्याजोगा’, पण वापरून वापरून ‘अफाट, थक्क करणारा’ झाला. २००२ ची ‘इनक्रेडिबल इंडिया’ ही पर्यटन मोहीम कुणालाही ‘अविश्वसनीय भारत’ वाटली नाही. म्हणून साक्षीदारावर विश्वास ठेवता येत नाही असं म्हणायचं असेल, तर ‘द विटनेस इज इनक्रेडिबल’ लिहू नका, ती स्तुती होईल. ‘नॉट क्रेडिबल’ असे दोन शब्द लिहा. आणि ‘क्रेडिटेबल’ म्हणजे शाबासकीला पात्र. खासबागेच्या मैदानात नवखा पैलवान नावाजलेल्या मल्लाशी वीस मिनिटं झुंजून हरला, तर ती ‘अ क्रेडिटेबल परफॉर्मन्स’. क्रेडिबल तिथे बसत नाही.

मराठीत उतरवताना एकच शब्द सगळीकडे चिकटवू नये, संदर्भ बघावा. प्लॉझिबल एक्स्प्लनेशन : पटण्याजोगं किंवा सयुक्तिक स्पष्टीकरण. प्लॉझिबल एक्सक्यूज : खपून जाईल असं कारण. प्लॉझिबल सिनॅरिओ : घडू शकेल अशी परिस्थिती. क्रेडिबलसाठी विश्वासार्ह आणि बातमीत ‘खात्रीलायक’. न्यायालयीन भाषेत ‘सकृद्दर्शनी’ हा शब्द प्लॉझिबलसाठी वापरलेला दिसतो, पण तो ‘प्रायमा फेसी’चा प्रतिशब्द म्हणून पक्का झालाय, त्याला इथे ओढू नये. माझ्या मते या छटेसाठी मराठीकडे सगळ्यात सुंदर साधन आहे ते ‘-सा, -शी, -सं’ हा प्रत्यय. ‘खरं’ आणि ‘खरंसं’. ‘पटेल’ आणि ‘पटेलसं’. त्या एका ‘सं’मध्ये ‘अजून तपासलेलं नाही’ हे सगळं येतं. आणि संशयाची बाजू दाखवायची असेल तर आपल्याकडे ‘लोणकढी थाप’ तयार आहे. ताज्या लोणकढ्या तुपासारखी गळ्याखाली उतरणारी थाप म्हणजे तंतोतंत ‘प्लॉझिबल लाय’.

शेवटी उच्चार आणि स्पेलिंग. ‘पॉसिबल’च्या चालीवर ‘प्लॉसिबल’ म्हणू नये, आणि जिलेबीतला ‘ज’ घालून ‘प्लॉजिबल’ही नको. ‘साईझ’ म्हणताना येतो तो आवाज हवा. जोर पहिल्या अक्षरावर, ‘प्लॉ’ जरा लांब, ‘झिबल’ भरकन. लिहिताना पी-एल-ए-यू-एस आणि पुढे आय-बी-एल-ई. शेवटी ‘एबल’ की ‘इबल’ यासाठी एक ठोकताळा आहे : शेपटी काढल्यावर पूर्ण इंग्रजी शब्द उरत असेल तर बहुधा ए-बी-एल-ई. ‘बिलीव्ह’ उरतो, ‘क्रेडिट’ उरतो, म्हणून ‘बिलीव्हेबल’ आणि ‘क्रेडिटेबल’ला ए. ‘प्लॉझ’ आणि ‘क्रेड’ हे उरलेले तुकडे पूर्ण शब्द नाहीत, म्हणून तिथे आय. ‘कोलॅप्सिबल’सारखे अपवाद आहेत, पण या घराण्यापुरता नियम टिकतो. विरुद्धार्थी करताना ‘अन’ लावू नका. पी-च्या आधी ‘इन’चा ‘इम’ होतो, जसा ‘इम्पॉसिबल’, ‘इम्प्रॉबेबल’, तसाच ‘इम्प्लॉझिबल’. क्रियाविशेषण ‘प्लॉझिब्ली’, त्यात शेवटचा ई गळतो आणि वाय येतो. आणि आर्टिकल बदलायला विसरू नका : ‘अ प्लॉझिबल स्टोरी’, पण ‘अॅन इम्प्लॉझिबल स्टोरी’.